हात राखून

'हात राखून' हे शब्द आपल्याकडे बहुधा तक्रारीच्या सुरात येतात. वाढणारी हात राखून वाढते, मास्तर हात राखून गुण देतात, व्याह्यांनी हात राखून मानपान केला, असे आपण म्हणतो. दिवाळीच्या दिवसांत तर हात राखणे हा गुन्हाच; चकलीच्या ताटापासून पणतीतल्या तेलापर्यंत सारे कसे सढळ हवे. अशा दिवसांत मी हात राखण्याची बाजू मांडायला बसलो आहे, तेव्हा वाचकांनी थोडे सोसून घ्यावे. माझा विषय देण्याघेण्याचा नाही, दुरुस्तीचा आहे. बिघडलेली वस्तू नीट करताना माणसाने किती हात घालावा, आणि कोठे थांबावे?

हा प्रश्न कारागिराचा आहे, नीतीचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण जुन्या कॅमेऱ्याचे शटर उघडून बसलेल्या माणसाला ही दोन खाती वेगळी ठेवता येत नाहीत. शाळा सुटल्यावर आणि लिहिणे अडल्यावर मी जळगावच्या आमच्या घरी हा उद्योग करतो. त्यातून पैसा मिळत नाही; विचार मात्र भरपूर मिळतात.

शटर म्हणजे झडप. बाहेर उजेड आहे, आत फिल्म अंधारात बसली आहे. दोघांची भेट किती वेळ घडू द्यायची हे ती झडप ठरवते. घडीच्या जुन्या कॅमेऱ्यात ती भिंगांच्या मधोमध असते. पोलादाची कागदासारखी पातळ पाती एकमेकांवर टेकून मिटलेली असतात. कळ दाबली की कमान सुटते, पाती बाजूला सरतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात पुन्हा मिटतात. एक सेकंद, अर्धा सेकंद अशा सावकाश वेळांसाठी आत दातेरी चाकांची एक रांग असते. तिच्या टोकाशी घड्याळातल्यासारखा एक इवलासा तुकडा मागेपुढे डुलतो आणि चाकांना धावू न देता एकेक दात मोजून सोडतो. सावकाश वेळेला लावलेला कॅमेरा जो किर्र आवाज करतो, तो या चाकांचा. म्युनिकच्या डेकेल कारखान्याची कॉम्पूर आणि काल्मबाखच्या गॉथिए कारखान्याची प्रॉन्टॉर ही अशा शटरांतली नावाजलेली नावे. ते कारखाने ती शटरे आता करीत नाहीत. एखादे चाक मोडले तर दुसरे मिळवायला दुसरा कॅमेराच मोडावा लागतो.

शटर आजारी पडते ते आधी सावकाशीत. शंभराव्या भागाला लावले तर खुट्‌कन वाजते. ऐकणाऱ्याला वाटते, सारे ठीक आहे. एक सेकंदाला लावा. पाती उघडतात आणि उघडीच राहतात. चाके दोन पावले चालून दमतात. याचे कारण बहुधा मोडतोड नसते. कारण असते तेल. पात्यांना तेल मुळीच लागत नाही. ती कोरडी असली तरच मोकळी चालतात. चाकांनाही लागलेच तर सुईच्या टोकावर मावेल इतके. आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो. त्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत पडलेल्या कॅमेऱ्यातले वंगण पातळ होऊन नको तेथे पसरते, आणि पुढे वर्षानुवर्षे सुकत डिंकासारखे होते. दोन पातळ पात्यांमध्ये चिकटा शिरला की कमान बिचारी काय करणार?

आता ज्या कॅमेऱ्यामुळे हे सारे लिहावेसे वाटले, त्याविषयी सांगतो. धुळ्याच्या एका काकूंनी तो माझ्याकडे पाठवला. ऐंशीच्या घरातल्या, यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली. कॅमेरा जर्मन बनावटीचा, घडीचा, १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा. (हा रोल कोडॅकने १९०१ साली बाजारात आणला आणि आजही मिळतो. एवढ्या काळात जगात काय काय उलथले, पण रोलची रुंदी कोणी बदलली नाही, म्हणून पणजोबांच्या कॅमेऱ्यात पणतू फिल्म घालू शकतो. पुढच्याची सोय पाहणे म्हणतात ते हेच.) काकूंचा निरोप असा होता : "जसा होता तसा करून द्या. दिवाळीला नातवाच्या हातात द्यायचा आहे." आणि जोडीला एक माहिती : "हे त्याला फार जपत. दर खंडेनवमीला पूजेत ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडायचे."

वाचकांच्या ध्यानात आले असेल. ज्या हाताने कॅमेरा जन्मभर जपला, त्याच हाताने एकेक थेंब करून तो बंद पाडला होता.

काम उघडताना मी घरातला मिसळणाचा डबा मागून घेतो. त्याच्या सात वाट्यांत निघालेले स्क्रू क्रमाने ठेवता येतात; मोहरीच्या वाटीतला स्क्रू सर्वांत आधी निघालेला, म्हणून सर्वांत शेवटी बसायचा. पुढचे भिंग फिरवून काढण्याआधी ते कोठे होते याची खूण करावी लागते, नाही तर बसवताना आटा भलत्या ठिकाणी धरतो आणि दूरचा डोंगर कायमचा धूसर होतो. ही खूण करायला मी सुई हातात घेतली, तर आतल्या कडीवर आधीच दोन बारीक ठिपके होते. माझ्या आधी कोणीतरी हा कॅमेरा उघडला होता, आणि जाताना मागून येणाऱ्यासाठी 'येथून धर' असे लिहून गेला होता. त्याचे नाव नाही, गाव नाही. तो काकूंच्या यजमानांना भेटला असेल. मला तो त्या दोन ठिपक्यांतून भेटला.

म्हणजे माझ्या आधी दोन हात या शटरपर्यंत पोचले होते. एकाने तेल घातले, एकाने ठिपके ठेवले. दोघांचाही हेतू चांगला. तरी एकाच्या कामाने मला अडवले आणि दुसऱ्याच्या कामाने वाट दाखवली. तेव्हा दुरुस्तीत हेतूला किती मोल द्यायचे, हा पहिला प्रश्न. 'करायला गेलो गणपती, झाला मारुती' म्हणून आपण हसतो, पण मारुती झाला हे समोर तरी दिसते. तेलाचा थेंब त्या दिवशी शटर सुरेख चालवतो. त्याचा मारुती व्हायला वीस वर्षे लागतात, आणि तोवर थेंब घालणारा जबाब द्यायला उरत नाही.

हे घरगुती वस्तूंपुरतेच नाही. आमच्या जळगावपासून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर. तेथल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन येत. रंग नीट दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश फिरवले गेले. पुढे चित्रे पोपडे धरू लागली, तेव्हा १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला धरून ठेवला. हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा जो थर दिला, तो काळाने पिवळा पडला, धूळ धरू लागला आणि ज्यांना वाचवायचे त्या रंगांवरच पडदा झाला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षे तो थर उतरवण्यात गेली. त्या इटालियनांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांच्या काळचे उत्तम ज्ञान त्यांनी वापरले. धडा एवढाच घ्यावा की आपल्या काळचे उत्तम ज्ञानही उद्या अपुरे ठरणार आहे. म्हणून भर घालायची तर ती अशी असावी, की उद्याच्या शहाण्याला काढून टाकता येईल.

दुसरा प्रश्न याहून अवघड : दोष कोणता आणि खूण कोणती? काकूंनी 'जसा होता तसा' म्हटले. पण कधी होता तसा? दुकानातून आणला त्या दिवशीचा, की यजमानांनी शेवटचा खाली ठेवला त्या दिवशीचा? कॅमेऱ्याचे कातडे उजव्या बाजूला झिजून गुळगुळीत झाले होते. तेथे अंगठा टेकत असे. पट्ट्याची कडी तुटली होती, तेथे कोणी काळ्या दोऱ्याची सात-आठ वेटोळी घट्ट बांधली होती. नवे कातडे चिकटवणे, नवी कडी बसवणे ही अर्ध्या तासाची कामे. ती मी केली नाहीत. दोरा बांधणाऱ्याचा हात त्या दोऱ्यात आहे, आणि तो दोरा कोणाला अडवत नाही. तेलातही त्याच माणसाचा हात आहे. पण ते अडवते. मला वाटते, येथे काठी रोवता येते. वस्तूला तिचे काम करू देत नाही तो दोष. काम करू देऊन जे मागे उरते ती खूण. दोष पुसावा. खूण पुसणाऱ्याला मात्र आधी कोणी तरी विचारायला हवे, 'ही तुझी आहे का?'

मराठी माणसाला हा विचार नवा नाही. पैठणला एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि नकलाकारांच्या हातून शिरलेले पाठ काढून ग्रंथ शुद्ध केला. नाथ स्वतः केवढे कवी! दोन ओव्या सुधारायच्या म्हटल्या असत्या तर त्यांना कोण अडवणार होते? पण त्यांनी शेवटी बजावले ते हेच, की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. शुद्ध करणाऱ्याचे सामर्थ्य तो काय घालू शकत होता आणि घातले नाही यावरून मोजावे. काकूंच्या धुळ्यातच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली वारले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदपत्रांच्या छापील खंडांत पाहावे : जेथे कसरीने पत्र खाल्ले आहे, तेथे संपादक टिंबे देतो. तेथे कोणता शब्द असावा हे त्याला पुष्कळदा ठाऊक असते. तरी टिंबेच. अंदाज सांगायचा तर तो तळटीपेत, पत्राच्या अंगावर नव्हे.

मग सारे जसेच्या तसे ठेवावे काय? तसेही नाही. आमच्या जिल्ह्यात चाळीसगावला केकी मूस यांचे घर आहे. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून त्यांतून देखावे उभे करणारा तो मोठा छायाचित्रकार, आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. दिलेल्या शब्दाखातर ते रोज रात्री पंजाब मेलची वाट पाहत, असे लोक सांगतात. ते घर आज संग्रहालय म्हणून राखले आहे, आणि तेथे वस्तू जिथल्या तिथे असणे हेच योग्य. कारण आता त्या वस्तूंचे काम, त्या माणसाची साक्ष देणे एवढेच आहे. पण काकूंचा कॅमेरा साक्षीसाठी आलेला नव्हता. तो नातवाच्या हातात जायचा होता. संग्रहालयाची नीती घराला लावली तर घराचे संग्रहालय होते, आणि घराची नीती संग्रहालयाला लावली तर अजिंठ्याला व्हार्निश लागते.

तेल काढायला मी लायटरमध्ये घालतात ते पांढरे पेट्रोल वापरतो. (कोणाला करून पाहायचे असेल तर खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातल्या समईपासून, पणत्यांपासून पुष्कळ दूर, हे पेट्रोल फार लवकर पेट घेते.) कापसाच्या काडीने पाती पुसायची, चाकांवर थेंब सोडायचा, कळ दाबायची, पुन्हा पुसायचे. तिसऱ्या दिवशी शटर एक सेकंदाला किर्र करून मिटू लागले. मोबाइलमध्ये आवाज मुद्रित करून मोजले, तर एक सेकंद सव्वा सेकंदाचा भरत होता. कमान ताणून तो पाव सेकंदही वसूल करता आला असता. पण फिल्मला एवढा फरक जाणवतही नाही, आणि साठ-सत्तर वर्षांच्या कमानीला तो ताण जाणवला असता. पाव सेकंद मी सोडून दिला.

एक अडचण उरली. या शटरात एक लहान खटका होता. तो ओढून कळ दाबली की आठ-दहा सेकंदांनी फोटो निघतो, म्हणजे काढणाऱ्याला धावत जाऊन सर्वांत बसता येते. जुन्या शटरांत सर्वांत आधी अडकून बसतो तो हाच खटका, आणि अडकला की कधी कधी सारे शटर घेऊन बसतो. येथेही तो अर्ध्यावर घट्ट होता. मी काकूंना फोन केला.

"काकू, बाकी सगळे झाले. एक खटका तेवढा सोडून द्यावा म्हणतो."

"कोणता, गुरुजी?"

सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "यांचा तोच लाडका होता. पाडव्याला आम्हां सर्वांना ओळीने बसवायचे, खटका ओढायचे आणि लेंगा सावरत पळत यायचे. एका फोटोत तर नुसते कोपरच आले आहे."

मी म्हटले, "उघडला तर कदाचित चालेल. कदाचित आता चालते आहे तेही जाईल. सुटा भाग मिळणार नाही. तुम्ही म्हणाल तसे करतो."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता पळायचे कोणाला आहे? नातू काढील. पुढच्या फोटोत त्याला बसवू, तेव्हा दुसरा कोणी काढील."

हा निर्णय मी घेतला असता तर तो कारागिराचा सावधपणा झाला असता. त्यांनी घेतला म्हणून त्याला अर्थ आला. काय गमवायचे धाडस करावे, हे ज्याचे गमावले जाणार त्यानेच ठरवायचे असते. दुरुस्त करणाऱ्याने फक्त धोका खरा सांगायचा.

आणि खरे सांगण्याचाच एक प्रसंग त्याच फोनवर पुढे आला. त्यांनी विचारले, "बिघडले तरी काय होते?" 'जुने झाले होते' असे म्हणून मला सुटता आले असते. ते खोटेही ठरले नसते, आणि गेलेल्या माणसाच्या प्रेमाला धक्काही लागला नसता. पण येत्या खंडेनवमीला नातू आजोबांची रीत म्हणून आत एक थेंब सोडणार. दयेपोटी बोललेले अर्धे सत्य त्या थेंबासारखेच. आज गोड चालते, पुढे चिकटून बसते. म्हणून मी सांगितले, "तेल साचले होते, काकू. याला तेल चालत नाही."

"म्हणजे यांच्याच हातचे," त्या म्हणाल्या. आणि मग चक्क हसल्या. "यांची मायाच तशी होती, गुरुजी. धुळ्यात राहून मी आग्रा रोड एकटीने ओलांडला तो पन्नाशी उलटल्यावर!"

या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार करतो आहे. त्यात तक्रार नव्हती, पण सूटही नव्हती. तेल घालणाऱ्याची माया खरी होती आणि तेलाने शटर अडले हेही खरे होते; काकूंनी एकासाठी दुसरे नाकारले नाही. आपण बहुधा नाकारतो. एक तर म्हणतो, 'एवढ्या मायेने केले, त्यात काय चुकले?' किंवा म्हणतो, 'एवढे नुकसान केले, कसली माया?' माणसांना जपताना आपण दर सणाला एकेक थेंब सोडत असतो : मुलाला अडखळू देत नाही, सुनेला तिच्या रीतीने करू देत नाही, म्हाताऱ्याला स्वतःचा पेला उचलू देत नाही. हे सगळे प्रेमच असते. पण पाती कोरडीच चालतात.

माझ्या धंद्यातही हेच आहे. निबंधाच्या वहीत आमच्याकडचे पोर 'माय' लिहिते आणि मास्तर लाल शाईने ते खोडून वर 'आई' लिहितो. ऱ्हस्वदीर्घ चुकले असेल तर ते सुधारलेच पाहिजे. वाचणाऱ्याला ते अडवते. पण 'माय' कोणाला अडवते? ती खूण आहे. ज्या घरातून ते पोर आले त्या घराचा अंगठा तेथे टेकलेला आहे. तो झिजलेला तुकडा काढून नवे कातडे बसवले की निबंध चकचकीत होतो आणि कोणाचाच राहत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बंद पडलेल्या वस्तू खाली येतात : घड्याळे, कंदील, पेट्या, कॅमेरे. तेलाची बाटली हाती घेण्याआधी त्यांच्यापुढे जरा बसावे. काय अडते आहे ते पाहावे आणि तेवढेच सोडवावे. जे अडवत नाही त्याला तसेच नांदू द्यावे. जे आपल्याला जमणार नाही ते पुढच्यासाठी शाबूत ठेवावे. वस्तू आपल्याकडे मुक्कामाला असते, वस्तीला नव्हे. ती पुढे जाईल तेव्हा वापरणाऱ्याला आपला हात कळूही नये. कळावा तो फक्त तिला पुन्हा उघडणाऱ्याला, सुईच्या दोन ठिपक्यांएवढा. दुरुस्तीतले हात राखणे ते हेच, आणि यापरते सढळ देणे मला तरी ठाऊक नाही.